तीनशे ठोके

आमच्या कंपाउंडरकाकांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट अंदाजानं केली नाही, आणि एकही गोष्ट वेळेवर पुरी केली नाही. पहिल्या विधानाला एक अपवाद आहे. तो मी पुढं सांगणारच आहे, कारण त्या वेळी भांड्यात काठी मीच फिरवत होतो.

तीस वर्षं पांढरकवड्याच्या दवाखान्यात त्यांनी मिक्श्चरं बनवली होती. बाटलीवर कागदाची दातेरी पट्टी चिकटवायची, एका दाताला एक मात्रा, "हलवून घ्या" म्हणायचं आणि पुढच्या माणसाला हाक मारायची. एवढं तीस वर्षं केल्यावर माणसाला सगळं जगच बाटलीत भरलेलं दिसायला लागतं. रिटायर होऊन ते झरीकडच्या, पैनगंगेच्या काठच्या आमच्या गावात आले, तेव्हा त्यांच्या बैलबंडीत रिकाम्या बाटल्यांची सात खोकी, एक ट्रंक आणि उरलेल्या जागेत काकू होत्या. महिनाभरात घरात पट्टी नाही अशी वस्तू उरली नाही. तेलाच्या बरणीला पट्टी, पाण्याच्या रांजणाला पट्टी, चहाच्या कपालासुद्धा पट्टी. पाहुणा आला की कप पुढं करून म्हणायचे, "घ्या जी. दोन मात्रा आहे. हलवून घ्या." अंगणात नरसाळं लावलेली एक बाटली पावसात उभी असायची आणि सकाळी पारावर येऊन ते जाहीर करायचे, "काल चार मात्रा पडला." शेतकरी हसायचे, पण पेरायचं की थांबायचं हे त्यांनाच विचारायचे. भाजीत मीठ पडायचं तेही औंसाच्या ग्लासानं. काकू म्हणायच्या, "मीठ माह्या हाताले समजते. तुमच्या गिलासाले जीभ आहे काय?" त्या चिडल्या की काका शांतपणे त्यांचं मनगट धरायचे, डोळे मिटून मोजायचे आणि सांगायचे, "आता थांब. शंभराच्या वर गेली." मग ती एकशेवीसच्या वर जायची.

अशा माणसाला दु:ख असलं तर तेही मोजूनमापूनच असणार. काकांचं दु:ख नदीच्या पात्राएवढं रुंद होतं. त्यांची थोरली बहीण, माई, पलीकडच्या काठावरच्या गावात दिली होती. आई लहानपणी गेली, त्यामुळं काकांना माईनंच वाढवलेलं. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत गेलं की विडी विझायच्या आत माईचं घर. पण आषाढ लागला की नदी फुगायची आणि दिवाळीपर्यंत तो काठ परमुलूख व्हायचा. पूर्वी भोयाचा एक डोंगा होता, तो कुजून गेला. त्यात छप्पन साली राज्यांच्या नव्या सीमा पडल्या आणि माईचं गाव आंध्रात गेलं. माई राखी टपालानं पाठवायची. समोर दिसणाऱ्या गावातली ती राखी कुठंकुठं हिंडून, कुणाकुणाचे शिक्के खाऊन आमच्याकडं यायची ती दसऱ्याच्या सुमाराला. काका ती तेव्हा बांधायचे. लोक सोनं वाटायला निघालेले असायचे आणि हे मनगटावर गोंडा मिरवत. कुणी छेडलं, "कंपाउंडरसाहेब, आज कोणता सण जी?" तर म्हणायचे, "माहा श्रावण आज लागला."

नाव बांधायची कल्पना एका खोक्यातून निघाली. बाटल्यांच्या भोवती गुंडाळलेल्या रद्दीत एका विलायती मासिकाचं पान होतं. घरच्या घरी होडी कशी बांधावी, असं चित्रांसकट त्यात लिहिलेलं. त्यात मुख्य गोष्ट होती ती एका चिकट औषधाची. त्याचे दोन डबे असतात. एकात मधासारखी दाट राळ, दुसऱ्यात तिला दगडासारखी करणारं पातळ पाणी. पाच भाग राळ, एक भाग पाणी, नीट ढवळा, फळ्यांच्या सांध्यांत भरा, झालं. भोयानं सांगून पाहिलं, "डांबर लावा ना जी. आमच्या बापानं डांबरच लावलं." काका म्हणाले, "डांबर लावाले अक्कल लागत नाही, म्हणून तर मले ते पटत नाही." प्रमाण लिहिलेलं औषध आणि ते बनवायला तीस वर्षं तरबेज झालेला हात यांची ही गाठ दैवानंच घातली आहे, अशी त्यांची खात्री झाली. मुंबईच्या एका दुकानाला त्यांनी अकरा पत्रं लिहिली, आणि अकराव्या पत्रानंतर हैदराबादकडं जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानं दोन डबे पांढरकवड्याला उतरवले. जंगलाच्या डेपोतून सागाच्या फळ्या आल्या. वर्षभरात अंगणात नावेचा सांगाडा उभा राहिला. काकू त्याच्यावर पापड वाळत घालायच्या.

मी या कथेत आलो तो मापामुळं. चौथीनंतर शाळा सुटली, आणि सुगीत बाजारात धान्य मोजणं हे माझं काम झालं. तेव्हा मी दोन लेकरांचा बाप होतो, पण कुणी जोरानं हाक मारली तरी दचकून उभा राहायचो. मोजताना मात्र हात हलायचा नाही. काकांनी बाजारात मला पाहिलं आणि सरळ म्हणाले, "तुहा हात मले पाहिजे." तोवर माझं काहीही कुणाला पाहिजे झालेलं नव्हतं. मी पायली तिथंच टाकून त्यांच्यामागं निघालो असतो.

पहिल्या दिवशी मी राळेचं पहिलं माप ओतलं आणि सवयीनं म्हणालो, "लाभ."

"लाभ म्हणजे कितवं?" काकांनी विचारलं.

"पहिलंच जी. धान्य मोजताना एक नाही म्हणत. लाभ, दोन, तीन, असं."

"काहून?"

"एक म्हटलं तं बरकत जाते."

काकांनी बराच विचार केला. मग भिंतीवर खडूनं प्रमाण लिहिलं होतं, ते पुसून नवं लिहिलं: राळ, लाभ ते पाच. पाणी, लाभ. "औषधाले बरकत असली तं वाईट नाही," ते म्हणाले. त्या पाण्याला शिळ्या मासळीसारखा आणि नवसागरासारखा असा काही वास होता की शेजारची म्हैस दावं तोडून गेली.

त्या पहिल्या दिवशीच अपघात झाला. कंपाउंडर माणूस मिक्श्चर बनवायला बसला की पिंपभर बनवतो. काकांनी काकूंचं मोठं पातेलं घेतलं, त्यांचीच पळी घेतली, पाच मिनिटं मोजायला स्वत:चं खिशातलं घड्याळ पातेल्याच्या काठावर ठेवलं आणि एकदम अर्धा डबा कालवला. जरा वेळानं पातेलं कोमट लागलं. मग गरम. मग त्यातून धूर निघायला लागला. ही राळ थोडी थोडी कालवावी, मोठा गोळा केला की ती आतल्या आत तापते, हे त्या पानाच्या फाटलेल्या कोपऱ्यात लिहिलेलं असावं. काकांनी पातेलं उचलायला हात घातला, चटका बसला, धक्क्यानं घड्याळ आत पडलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत सगळं दगड झालं. पिवळ्या स्फटिकात उभी पळी, आणि खाली मधातल्या माशीसारखं घड्याळ, अकरा वाजून दहा मिनिटं. काकू बाहेर आल्या, पातेल्याकडं पाहिलं, म्हणाल्या, "चला. तुमच्या घरात आतापासून उशीर व्हाचा नाही." पुढं कितीतरी वर्षं ते पातेलं दाराला अडसर म्हणून होतं.

आता वेळ कशानं मोजायची? गावात घड्याळ नव्हतं. काका हसले. तीस वर्षं ज्यानं नाड्या धरल्या त्याला घड्याळाची काय पत्रास? निरोगी माणसाची नाडी मिनिटाला बहात्तर, म्हणजे तीनशे ठोक्यांत चार मिनिटं आणि वर चिमूटभर. आता थोडं थोडंच कालवायचं, त्यामुळं तेवढं ढवळणं पुरे. स्वत:ची नाडी त्यांना चालत नव्हती. म्हणायचे, "आपली नाडी आपल्याशी खोटं बोलते." मग असं ठरलं: उजव्या हातानं मी ढवळायचं, डावा हात त्यांच्या हातात द्यायचा, आणि डोळे मिटून ते मोजणार. तीनशे झाले की "बस." महिनाभर असं चाललं. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून पाहायची. दोन मोठे पुरुष नावेच्या सांगाड्यापाशी हात धरून बसलेले, एक ढवळतोय, एक डोळे मिटून पुटपुटतोय. नावेला बाधा झाली आहे आणि आम्ही ती उतरवतोय, असं पुष्कळांना वाटत असे.

उन्हाळ्यात नदी चालत ओलांडता येत होती, तेव्हाच काकांनी माईला निरोप देऊन ठेवला होता: राखीपौर्णिमेला काठावर ये, मी न्यायला येतो. आषाढ आला, नदी चढली, श्रावण लागला, आणि पौर्णिमेला चार दिवस उरले असताना काकांनी नावेच्या तळाच्या सांध्यात नख रुतवून पाहिलं. नख आत गेलं. दुसरीकडं पाहिलं, तिथंही गेलं. महिनाभर भरलेला तळाचा सगळा सांधा ताज्या गुळासारखा चिकट होता.

काकांनी नख धोतराला पुसलं.  माझंच चुकलं, मापात काहीतरी चुकलं, मी अडाणी माणूस, असं मी भराभर बोलत सुटलो. काकांनी मला गप्प करायला माझं मनगट धरलं आणि सवयीनं मोजायला लागले. मोजता मोजता त्यांचे डोळे उघडले.

"ही कितीनं चालून राह्यली रे तुही?"

मला काय कळणार?

"एकशेतीसच्या वर आहे! रोज अशीच चालते काय?"

"तुम्ही हात धरला की चालते जी."

म्हणजे तीनशे ठोके दोन-सव्वादोन मिनिटांत संपत होते. बहात्तरच्या हिशेबानं काका समाधानानं "बस" म्हणत होते आणि राळ अर्धवट ढवळलेलीच सांध्यांत जात होती. काकांनी विचारलं, "मी हात धरला तं काहून पळते ती?" मग मला सांगावं लागलं. शाळेत मास्तर छडी मारण्याआधी असंच मनगट धरायचे. घट्ट, हात मागं जाऊ नये म्हणून. चौथीनंतर मी गेलो नाही तो त्याच्यामुळं. तेव्हापासून कुणी मनगट धरलं की काळीज पळायला लागतं, हात कुणाचाही असो.

काकांनी माझं मनगट सोडलं. मला वाटलं, आता म्हणतील, जा घरी. ते म्हणाले, "महिनाभर तू भेत होता, आन् तरी रोज येत होता?"

मी मान हलवली.

"मंग चूक माही आहे. तीस वर्षाचा कंपाउंडर मी, नाडी मोजली अन् माणूस पाहिला नाही." आणि उठून पटाशी माझ्या हातात दिली. सगळा सांधा आम्ही दोन दिवस खरवडला, स्पिरिटनं पुसला. डब्यांत आता तळाच्या सांध्याला एक पातळ थर देण्यापुरता, एकाच कालवणाचा माल उरला होता. चुकलं तर माई काठावर येणार, आणि इकडून कुणीच जाणार नाही.

आता शांत नाडी आणायची कुठून? माझी तर बादच. काकांची त्या दिवशी त्यांनी चाचपून पाहिली आणि कुणाला न सांगता हात खाली सोडला. शेवटी ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. तोवर ते काही मागायला तिथं गेल्याचं मी पाहिलं नव्हतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. नावेला त्यांनी वर्षभर नावं ठेवली होती. पण त्या तुरीची डाळ घातलेलं सूप घेऊन बाहेर आल्या, पाटावर बसल्या, डावा हात पुढं केला आणि उजव्यानं डाळ निवडायला लागल्या. "घ्या. काय मोजाचं ते मोजा."

मी ओतलं. लाभ, दोन, तीन, चार, पाच. मग पाणी, लाभ. ढवळायला लागलो. काका मोजत होते. सत्तर-बहात्तरची संथ नाडी, जणू दुपारची बैलगाडी. शंभर झाले, दीडशे झाले. आणि काकांच्या कपाळावर आठी पडली.

"काहून वाढून राह्यली?"

काकू डाळीतला खडा शोधत म्हणाल्या, "भांडण नसताना किती वर्षांनी हात धरला तुमी. वाढन नाही तं काय."

मी ढवळतच होतो, मान वर करायची सोय नव्हती. काकांनी मोजणं थांबवलं. हात मात्र सोडला नाही. नदीपलीकडं माईच्या गावचा धूर दिसत होता, तिकडं पाहत ते म्हणाले, "ढवळत राह्य बाबू. भांड्याच्या कडा खरवडून घे. मी सांगीन तवा थांब."

"किती ठोके जी?"

"अंदाजानं," काका म्हणाले.

मी आधी सांगितलेला अपवाद तो हाच.

पौर्णिमेच्या सकाळी पाऊस थांबला होता, हवा मात्र गार होती. नावेखाली आम्ही विस्तवाचं घमेलं ठेवलं होतं. काकांनी सांध्यावर नख दाबलं. किंचित खूण उठली. भोई म्हणाला, चालते जी, जाऊन येऊ. काका म्हणाले, "कच्चं औषध मी कोणाले दिलं नाही. आज नाही." आणि नदीवर गेले. पलीकडं मोहाच्या झाडाखाली एक हिरवा ठिपका बसलेला होता. काकांनी पांढरा पंचा हलवला. ठिपका उठून उभा राहिला. या पुरात आवाज जाणं शक्य नव्हतं. काकांनी दोन्ही हातांनी खुणा करून करून "उद्या" सांगायचा प्रयत्न केला, पण "उद्या" खुणेनं कसं सांगायचं? ठिपका संध्याकाळपर्यंत बसला आणि गेला. काका त्यानंतर घरी आले. त्या दिवशी ते मीठ न मोजता जेवले, असं काकू सांगत.

दुसऱ्या सकाळी नख दाबलं, खूण नाही. पटाशीची मूठ ठोकली, दगडासारखा आवाज. नाव पाण्यात घातली तेव्हा मला दिसलं, काकांनी तिच्या आतल्या अंगाला पांढऱ्या रंगानं दातेरी पट्टी रंगवली होती. "एक मात्रा पाणी आत आलं की माघारी," त्यांनी भोयाला बजावलं. भोयानं बांबू टेकवला. मला पोहता येत नव्हतं, मी देवाचं नाव घेत पट्टीकडं पाहत होतो. काका पट्टीकडं एकदाही पाहत नव्हते. पलीकडं पोचलो तेव्हा पाणी अर्ध्या मात्रेला होतं, तेही भोयाच्या बांबूवरून ठिबकलेलं.

मोहाखाली ती बसलेली होती. कालही बसली होती, आजही येऊन बसली होती. जवळचं अंधुक दिसणाऱ्या डोळ्यांनी तिनं आधी नावेकडं पाहिलं, मग काकांकडं.

"लहान्या, उशीर केला रे."

"एक दिवस, माई," सत्तरीला टेकलेले आमचे काका म्हणाले. "एकच दिवस."

तिनं पदराच्या गाठीतून राखी काढली आणि चाचपत बांधली. बांधून झाल्यावर काकांनी सवयीनं तिचं मनगट धरलं आणि धरूनच राहिले. ती हसली. "कितीक चालून राह्यली?"

"मोजली नाही," काका म्हणाले.

त्याच वर्षी काकांनी मुंबईच्या त्या दुकानाला बारावं पत्र लिहिलं. दुकानदाराच्या ओळखीनं समुद्राकाठच्या एका नावांच्या कारखान्यात माझ्यासाठी जागा झाली. शिफारशीत काकांनी लिहिलं होतं: हाताला स्थिर, नाडीला जलद, माणूस भरवशाचा. चौथीपर्यंत शिकलेला मी, तेवढ्या तीन ओळींवर आजवर जेवतोय. इथं राळ पिंपांनी येते, भिंतीवर मोठं घड्याळ आहे, कुणाची नाडी लागत नाही. तरी उजव्या हातात काठी आली की माझा डावा हात आपोआप पुढं होतो. कारखान्यातली पोरं विचारतात, दादा, कुणाला हात देता? मी म्हणतो, सवय. मनगट धरलं की काळीज पळण्याचं ते दुखणं मात्र गेलं. कधी गेलं ते कळलं नाही.

मला गावाची आठवण फार येते हे मी काकांना कळवलं नव्हतं. न कळवताच त्यांची पत्रं तशी यायला लागली. एका लांब कागदाच्या सात घड्या, प्रत्येक घडी डिंकानं चिकटवलेली, आणि कडेला दातेरी पट्टी. वर लिहिलेलं: रोज एक मात्रा. एका दमात घेऊ नये. एका घडीत पाऊस किती झाला ते, एकीत काकूंचं मिठावरचं भांडण, एकीत माझ्या आईची तब्येत, एकीत नाव. नाव दर श्रावणात माईला आणायची. आठवडाभर मी रोज कामावरून येऊन एक घडी सोडायचो आणि तेवढा वेळ घरी जाऊन यायचो.

शेवटचं पत्र आलं त्याच्या सहा घड्या मी सोडल्या. सहावीत लिहिलं होतं की यंदा पाणी फार आहे, नावेला तडा गेलाय, राळ मिळत नाही; पण पंचा हलवला तर पलीकडचा ठिपका उभा राहिला. सातवी सोडायच्या आतच काकूंचं पत्र आलं. ते कुणाकडून तरी लिहून घेतलेलं होतं, घड्या नव्हत्या, सगळं एका दमात वाचायचं होतं. वाचलं. काका गेले होते.

ती सातवी मात्रा माझ्या ट्रंकेत आहे. डिंक अजून पक्का आहे. तिच्यात काका नाव घेऊन निघाले असतील, किंवा काठावर उभे असतील. मी ती घेतलेली नाही.